आधी पांढरा रस्सा, मग तांबडा: नव्वदच्या दशकातले मागं पडलेले हिप-हॉप अल्बम ऐकायचे कसे

राजारामपुरीत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. भाचा संध्याकाळी तिथं येऊन बसतो. मध्यंतरी त्यानं विचारलं, "मामा, 'गली बॉय' बघितल्यापासनं रॅप ऐकायलोय. पण जुनं काय ऐकू कळंना. कुठलीबी यादी काढली तरी तीच तीच धा नावं." मी एका जॉबकार्डच्या पाठीमागं काही नावं खरडून दिली. आठवड्यानं तो परत आला आणि म्हणाला, "डोक्यावरनं गेलं." तेव्हा लक्षात आलं की नुसती नावं देऊन भागत नाही, ऐकायचं कसं तेही सांगायला लागतं. हा लेख त्या जॉबकार्डाचाच पुढचा भाग आहे.

मागं पडलेले म्हणजे वाईट निघाले म्हणून पडलेले नव्हेत. १९९४ चंच घ्या. एप्रिलमध्ये नॅसचा 'इलमॅटिक' आला, सप्टेंबरमध्ये नोटोरियस बी.आय.जी.चा 'रेडी टू डाय'. पुढं तीस वर्षं याद्या या दोघांनीच भरल्या. त्याच वर्षी आलेले चार-पाच फर्मास अल्बम त्या गर्दीत चेंगरले. कुणाची कंपनी बंद पडली, कुणाचं कव्हर कंपनीला झेपलं नाही, तर कुणाचं पहिलं गाणं इतकं गाजलं की दुसऱ्या अल्बमकडे कुणी वळून बघितलं नाही. जाणकारांना ही नावं पाठ आहेत. पण आपल्या रंकाळ्याच्या कट्ट्यावर विचारून बघा, एकाला माहीत असेल तर चहा माझ्याकडून.

पहिली पायरी: डॉल्बीचा कान उतरवा

आपला कान मिरवणुकीत घडलेला आहे. बेस म्हणजे छातीत धडधड झाली पाहिजे आणि दुकानाचं शटर थरथरलं पाहिजे. नव्वदच्या दशकातल्या या रेकॉर्डिंगमध्ये बेस आहे, चांगला जाड आहे, पण तो जमिनीसारखा खाली पसरलेला असतो. त्याच्यावर जुन्या तबकडीची खरखर, ट्रम्पेटचा एखादा तुकडा, मागं कुणाचं तरी हसणं असं बारीकसारीक बरंच काही चाललेलं असतं. मोबाइलच्या स्पीकरवर लावलं की सगळ्यात आधी हा बेसच गायब होतो. मी रोज फोन उघडतो म्हणून सांगतो, आतला स्पीकर अंगठ्याच्या नखाएवढा असतो. खालचे सूर काढायला त्याच्यात जागाच नाही. मग गाणं पोकळ लागतं आणि माणूस म्हणतो, यात काय आहे?

तेव्हा दोन-तीनशे रुपयांचा वायरचा इअरफोन घ्या. महागडा लागत नाही. जुनाच असेल तर आधी त्याची जाळी बघा. दहातल्या सात गिऱ्हाइकांचा 'एका बाजूचा आवाज गेलाय' हा आजार कानातल्या मळाचा निघतो. कोरडा टूथब्रश हलक्या हातानं फिरवा, सुईनं टोकरू नका. मग फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन बेस बूस्ट बंद करा, आणि शफल तर आधी बंद करा. गाणी घरच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवा, म्हणजे मध्येच चक्र फिरत बसत नाही. गाडी चालवताना मात्र ऐकायचं नाही. ते माझ्या दुकानात येणाऱ्या फुटलेल्या स्क्रीन रोज सांगतात.

दुसरी पायरी: अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ऐका

हे सांगायला सोपं आणि करायला अवघड. एक गाणं, रील, मेसेज, परत दुसरं गाणं, अशी आता सवय झालीय. पण हे अल्बम कॅसेटच्या आणि सीडीच्या काळात बांधलेले आहेत. कुठलं गाणं कशानंतर यावं यावर तेव्हा डोकं लावलं जायचं. मध्ये मध्ये गप्पांचे, नाटुकल्यांचे तुकडे येतात. ते गाळून ऐकणं म्हणजे वगातली बतावणी गाळून नुसती गाणी ऐकणं.

मला हे कसं कळलं ते सांगतो. १९९८ साली अमेरिकेतून आलेल्या मावसभावानं डिगेबल प्लॅनेट्सचा 'ब्लोआउट कोम' हा अल्बम चार दिवसांपुरता दिला. घरी सीडी प्लेअर नव्हता. गावातल्या एका दुकानात कॅसेट भरून द्यायचे, तिथं नेला. दुकानदारानं साठ मिनिटांची कॅसेट घेतली. अल्बम साठ मिनिटांपेक्षा जास्त. पहिली बाजू संपताना जे गाणं तुटलं, ते त्यानं दुसऱ्या बाजूला पुन्हा पहिल्यापासून भरलं. हिशेब आणखी बिघडला. शेवटचं गाणं 'फॉर कॉर्नर्स' सुरू व्हायचं, मिनिटभर चालायचं आणि टक्. मी वर्षानुवर्षं समजत होतो की त्यांनी ते मुद्दाम तसं संपवलंय. मित्रांना त्याचा अर्थही समजावून सांगायचो! पुढं इंटरनेटवर पूर्ण गाणं मिळालं तेव्हा कळलं की ते सात मिनिटांच्या आसपासचं आहे, आणि मी ज्याला शेवट समजत होतो ती सुरुवात होती.

हा अल्बम मागं पडला त्याचीही कथा ऐकण्यासारखी आहे. १९९३ च्या पहिल्या अल्बममधल्या 'रिबर्थ ऑफ स्लिक' या गाण्याला ग्रॅमी मिळालं. कंपनीला तसंच गोडगोड काहीतरी परत हवं होतं. या तिघांनी, म्हणजे बटरफ्लाय, डूडलबग आणि लेडीबग मेका यांनी, ऑक्टोबर १९९४ मध्ये ब्रुकलिनच्या वस्तीवर लिहिलेला संथ, राजकीय, जॅझमध्ये मुरलेला अल्बम काढला. सोबतची पुस्तिका, काळ्यांच्या हक्कांसाठी लढलेल्या ब्लॅक पँथर पक्षाच्या वर्तमानपत्रासारखी छापली. सहज गुणगुणता येईल असं एकही गाणं नाही. विकला गेला नाही. थोड्याच दिवसांत तिघं वेगळे झाले. मला विचाराल तर पहिल्यापेक्षा हा दसपट भारी आहे.

वेळेचं गणित असं बसवा. रंकाळ्याला एक निवांत प्रदक्षिणा घातली की एक अल्बम बहुतेक संपतो. संध्यामठाजवळ बसून ऐकलात तरी चालेल, फक्त बोलायला कुणी सोबत घेऊ नका.

तिसरी पायरी: वाकळ ओळखायला शिका

आजीनं शिवलेली वाकळ आठवा. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे, सदऱ्यांचे तुकडे. प्रत्येक तुकडा दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर होता, पण पांघरूण नवं आणि आजीचंच. सॅम्पलिंग म्हणजे हेच. जुन्या जॅझच्या, सोलच्या, फंकच्या तबकड्यांतून दोन-चार सेकंदांचे तुकडे कापायचे, एकाला एक जोडायचे आणि त्यावर ड्रम ठोकायचे.

हे करायचं यंत्र फार गरीब होतं. १९८७ मध्ये आलेलं एसपी-१२०० हे मशीन त्या काळात घराघरांतल्या निर्मात्यांकडे, म्हणजे गाण्याचं संगीत बांधणाऱ्यांकडे असायचं. त्याच्यात सगळे तुकडे मिळून साधारण दहा सेकंदांचा आवाज मावायचा. मग पोरांनी युक्ती काढली. ३३ च्या गतीची तबकडी ४५ वर पळवायची, म्हणजे आवाज कमी वेळात आत जातो, आणि मशीनमध्ये गेल्यावर तो परत संथ करायचा. असं केल्यानं आवाजाला एक खरखरीत, मातकट पोत यायचा. नव्वदच्या दशकाचा म्हणून जो आवाज ओळखला जातो तो बराचसा या काटकसरीतून आलाय.

कान तयार करायला जेरू द डमाजाचा 'द सन रायझेस इन द ईस्ट' (१९९४) घ्या. संगीत सगळं डीजे प्रीमियरचं. त्यातल्या 'कम क्लीन' या गाण्याचा अख्खा ठेका पाण्याचे थेंब ठिबकल्यासारख्या आवाजावर उभा आहे. तो तुकडा शेली मॅन या जॅझ ड्रमवाल्याच्या तबकडीतून उचललेला. घरी पहिल्यांदा लावलं तेव्हा आई उठून मोरीतला नळ बघून आली. आमच्या घरात याहून चांगलं रसग्रहण कुणी केलेलं नाही. फक्त तो थेंब पकडा आणि गाणं संपेपर्यंत सोडू नका. तो कुठं थांबतो, कुठं परत येतो, ड्रम त्याच्या पुढं पडतो की मागं, एवढंच बघा. शब्दांकडे पहिल्या वेळेला लक्ष देऊ नका.

या वाकळीपायीच पुढं कोर्टकचेऱ्या झाल्या. डिसेंबर १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयानं बिझ मार्की या रॅपरच्या एका गाण्यावर बंदी घातली. गिल्बर्ट ओसलिव्हन या गायकाच्या गाण्याचा तुकडा त्यानं परवानगीशिवाय वापरला होता. निकालाची सुरुवातच बायबलमधल्या 'चोरी करू नकोस' या आज्ञेनं होते. त्यानंतर प्रत्येक तुकड्याला पैसे मोजायची वेळ आली आणि वाकळीतले तुकडे कमी होत गेले. डे ला सोल या गटाचे जुने अल्बम तर अशा भानगडींत अडकून मार्च २०२३ पर्यंत स्ट्रीमिंगवर आलेच नव्हते. त्यांचा पहिला अल्बम सगळे सांगतात. तुम्ही १९९३ चा 'बलून माइंडस्टेट' ऐका. त्यात जेम्स ब्राउनच्या बँडमधला मेसिओ पार्कर सॅक्सोफोन वाजवतो, एका ठिकाणी जपानी रॅपर जपानीत रॅप करून जातात, आणि हे सगळं कुणालाही खूश करायला बसल्यासारखं वाटत नाही.

चौथी पायरी: आधी पांढरा रस्सा

बाहेरगावचा पाहुणा जेवायला आला तर पहिल्या वाटीतच तांबडा ओतत नाही आपण. पांढरा देतो, घाम येतोय का बघतो, मग पुढं. इथंही तसंच. जाणकार दोस्त कौतुकानं 'कंपनी फ्लो' या गटाचा 'फनक्रशर प्लस' (१९९७) हातात ठेवतील. तो थोर आहेच, पण पहिल्याच दिवशी ऐकलात तर मिक्सरमध्ये खडे टाकल्यासारखं वाटेल. तीन महिन्यांनी ऐका.

पहिला घास सोल्स ऑफ मिसचिफचा '९३ टिल इन्फिनिटी'. सप्टेंबर १९९३ मध्ये आला तेव्हा ओकलंडची ही चारही पोरं वयाच्या विशीच्या आत होती. शीर्षकगीताचा बीट बिली कोबमच्या 'हेदर' या १९७४ च्या जॅझ तुकड्यातून चौघांतल्या एप्लसनं कापलाय. तो तरंगणारा सूर ऐकून कंटाळा आला असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. चौघं कट्ट्यावर बसून एकमेकांच्या तोंडातली वाक्यं ओढून घेतल्यासारखे रॅप करतात. त्या एका गाण्यामुळं अल्बम थोडाफार ओळखला जातो, बाकीची गाणी कुणी ऐकत नाही. तुम्ही ऐका. दुसऱ्या अल्बमनंतर कंपनीनं त्यांना सोडलं, तर त्यांनी ओकलंडच्याच दोस्तांबरोबर हायरोग्लिफिक्स नावानं स्वतःची कंपनी काढली.

पुढं मेन सोर्सचा 'ब्रेकिंग ॲटम्स' (१९९१). भाच्याला मी या अल्बमवर असा ओढला: "गली बॉयच्या सुरुवातीला कार्यकारी निर्माता म्हणून नॅसचं नाव येतं ना? तो नॅस रेकॉर्डवर पहिल्यांदा कुठं आला ते ऐकायचंय?" 'लाइव्ह ॲट द बार्बेक्यू' हे ते गाणं. नॅस तेव्हा सतरा वर्षांचा होता. पहिलंच कडवं त्याच्याकडे सोपवलेलं, आणि पोरगं असं काही तुटून पडतं की पुढचे सगळे सावध होतात. पण अल्बम खरा मेन सोर्समधल्या लार्ज प्रोफेसरचा. 'जस्ट अ फ्रेंडली गेम ऑफ बेसबॉल' या गाण्यात त्यानं पोलिसांचा अत्याचार बेसबॉलच्या भाषेत मांडलाय, आणि एकदाही रूपक सुटत नाही. बेसबॉलचे नियम येत नसतील तर दहा मिनिटं वाचून घ्या. आपल्याकडं क्रिकेटवरून बोलतात तसंच ते.

पाचवी पायरी: शब्दांत उतरा, पण घाईनं नको

सगळ्यात जास्त लोक इथं अडतात. "इंग्रजी एवढं फास्ट कळत नाही." अहो, सगळं तिकडच्यांनाही कळत नाही. कॅम्प लोचा 'अपटाउन सॅटर्डे नाइट' (१९९७) ऐका. ब्रॉन्क्समधले हे दोघं, सोनी चीबा आणि गीची स्वीड, सत्तरच्या दशकातल्या सिनेमांतली, कपड्यांची, दारूची नावं मिसळून स्वतःचीच एक बोली बोलतात. अमेरिकेतलाही माणूस त्यातलं निम्मं अंदाजानंच घेतो. पुण्याचा माणूस पहिल्यांदा गंगावेशीत उभा राहून आपलं बोलणं ऐकतो, तेव्हा त्याचं जे होतं तेच. शब्द निसटतात, पण ऐट पोचते. 'लुचिनी' लावा आणि काही कळलं नाही तरी मान हलते का बघा. त्या अल्बमचं कव्हरही निरखून बघा. अर्नी बार्न्सच्या 'शुगर शॅक' या चित्रावरून ते केलंय, आणि तेच चित्र १९७६ मध्ये मार्व्हिन गेच्या अल्बमवर होतं. वाकळ नुसत्या आवाजाची नसते ती अशी.

माझी पद्धत तीन वेळा ऐकायची. पहिल्यांदा नुसता ठेका. दुसऱ्यांदा डोळे मिटून फक्त यमकं. अर्थ सोडा, कुठला आवाज कुठल्या आवाजाला जाऊन भिडतो तेवढं टिपायचं. पोवाडा ऐकत वाढलेल्या माणसाला हे जड जात नाही. शाहीर ओळ कशी खेचतो, शेवटचा शब्द कसा आपटतो आणि झीलकरी 'जी जी रं जी' म्हणत त्याला श्वास घ्यायला कशी जागा देतात हे आपल्या कानात आहेच. तिसऱ्यांदा शब्द समोर उघडून ऐका. एकदम सगळ्या अल्बमचे नकोत, एका गाण्याचे.

तिसऱ्या वेळेसाठी दोन गाणी सांगतो.

एक, ऑर्गनाइज्ड कन्फ्यूजनचं 'स्ट्रे बुलेट'. अल्बम 'स्ट्रेस: द एक्स्टिंक्शन अजेंडा', साल १९९४. क्वीन्सचे दोघं, फारो मंच आणि प्रिन्स पो. संपूर्ण गाणं बंदुकीतून सुटलेल्या गोळीच्या तोंडी आहे. ती बाहेर पडते, वळते, कुणाला तरी लागते, आत शिरते, आणि हे सगळं ती स्वतः सांगते. मैदानात खेळणारी लहान पोरं वाटेत येतात, तिथं मी दर वेळेला हातातलं काम थांबवतो. दोन वर्षांनी नॅसनं बंदुकीच्या तोंडी लिहिलेलं गाणं काढलं आणि ते जगभर गाजलं. गोळी आधी बोलली होती, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. अल्बम ज्या छोट्या उपकंपनीतून आला ती लवकरच गुंडाळली गेली, जाहिरात कोण करणार?

दुसरं ओ.सी.चं 'टाइम्स अप'. अल्बम 'वर्ड... लाइफ', तोही ऑक्टोबर १९९४ चाच. खोटी गुंडगिरी मिरवणाऱ्या रॅपरांना तो नाव न घेता सोलून काढतो. आवाज कुठं चढत नाही, शिवी हाणून वेळ मारून नेत नाही, एकेक ओळ शांतपणे टाकत जातो. कलगी-तुऱ्याच्या फडात समोरच्याला कोड्यात पकडून गप्प करायची जी रीत होती, तिची मला दर वेळेला आठवण होते. बकवाइल्डचा बीट तर असा की एकच बेसचा तुकडा फिरत राहतो आणि तो थांबूच नये वाटतं.

वही ठेवा, लहानशी चालेल. ऐकलेल्या अल्बमचं नाव, निर्मात्याचं नाव, आणि आवडलेल्या एका जागेची वेळ, म्हणजे 'अमुक गाणं, १ मिनिट ४० सेकंद' अशी. निर्मात्याच्या नावाचा फायदा पुढं होतो. प्रीमियर आवडला तर जेरूवरून आपोआप दुसऱ्या अल्बमवर जाता येतं, यादी लागत नाही.

सहावी पायरी: पेठ बदला

शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना बघितलेल्या माणसाला हिप-हॉपचा नकाशा समजावून सांगायला लागत नाही. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांच्यात चालायचं अंतर ते किती, पण सामन्याच्या दिवशी दोन वेगळे देश. ब्रॉन्क्स, क्वीन्स, ब्रुकलिन यांचं तसंच. आणि पूर्ण न्यूयॉर्क विरुद्ध बाकी अमेरिका हा तर वेगळाच सामना. १९९५ मध्ये 'द सोर्स' या हिप-हॉप मासिकाच्या पुरस्कार सोहळ्यात अटलांटाच्या आउटकास्टला बक्षीस मिळालं तेव्हा न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली होती.

त्याच अटलांटाच्या मंडळींतला गुडी मॉबचा 'सोल फूड' (१९९५) माझ्या जॉबकार्डावर वरच्या बाजूला होता. 'डर्टी साउथ' हा दक्षिणेकडच्या रॅपसाठी पुढं सगळ्यांच्या तोंडी बसलेला शब्द यातल्या गाण्यानं पसरवला. संगीत ऑर्गनाइज्ड नॉइझ या त्रिकुटाचं. ही सगळी पोरं रिको वेडच्या आईच्या घराच्या तळघरात बसून काम करायची. तळघर अर्धवट बांधलेलं, खाली फरशी नाही, जॉर्जियाची तांबडी माती तशीच उघडी. त्याला ते 'डंजन' म्हणायचे. मी वाचलं तेव्हा मला सरळ तालीमच दिसली, तांबड्या मातीचा हौदा आणि घामेजलेली पोरं. शीर्षकगीत जेवणावर आहे, आईच्या हातचं खाणं आणि रविवारची पंगत. अल्बमभर गरिबी, पोलीस, देव आणि भूक एकमेकांत कालवलेले आहेत. गटातला सीलो नंतर वेगळ्याच गाण्यांनी जगप्रसिद्ध झाला, पण आवाजातली कळ इथलीच खरी.

लॉस एंजेलिसचं नाव काढलं की लोकांना गँगस्टर रॅप आठवतो. त्याच शहरात गुड लाइफ नावाचं आरोग्यदायी खाण्याचं दुकान होतं. तिथं गुरुवारी रात्री कुणीही माइक घ्यावा असा कार्यक्रम चालायचा आणि शिवी द्यायला बंदी होती. जमलं नाही तर प्रेक्षकच ओरडून माइक पुढं द्यायला सांगायचे. त्या शिस्तीतून फ्रीस्टाइल फेलोशिप तयार झालं. त्यांचा 'इनरसिटी ग्रियॉट्स' (१९९३) ऐकताना रॅपर गातोय की सॅक्सोफोन वाजवतोय कळत नाही, इतके शब्द उड्या मारतात. ग्रियॉट म्हणजे पश्चिम आफ्रिकेतले वंशावळी आणि इतिहास तोंडपाठ ठेवून गाणारे लोक. आपले शाहीर आणि भाट एकत्र केले तर जे होईल ते.

फिलाडेल्फियाची बहामाडिया मी सुरुवातीला सोडून दिली होती, कबूल करतो. 'कोलाज' (१९९६) मध्ये ती इतक्या खालच्या आवाजात, एका पट्टीत बोलते की वाटलं, हिला उत्साहच नाही. भाचीनं मला सुधारलं. "मामा, ती ओरडत न्हाई म्हणून तुम्हाला ऐकू येत न्हाई." परत ऐकलं. हिचा एकही शब्द मात्रेच्या बाहेर सांडत नाही. आता रात्री दुकान बंद करताना हाच अल्बम लावतो.

ओकलंडच्या द कूपचा 'स्टील धिस अल्बम' (१९९८) फक्त एका गाण्यासाठी घेतलात तरी वसूल. आईला मारणारा दलाल तुरुंगातून सुटतो, त्याला आणायला तिचा मुलगाच गाडी घेऊन जातो. पुढचं सांगत नाही.

मध्येच एक सावधगिरी

हे अल्बम घरातल्या मोठ्या स्पीकरवर लावू नका. शिव्या आहेतच, त्यापेक्षा खटकतं ते बायकांबद्दलचं बोलणं. त्या काळाचं म्हणून मी ते माफ करत नाही, आवडत्या अल्बममधलंसुद्धा. काही गाणी मी पुढं ढकलतो. संपूर्ण ऐकायचा नियम मीच सांगितला आणि मीच मोडतो, हेही वहीत लिहून ठेवा.

एखादा अल्बम तुमच्या ॲपवर सापडला नाही तर दचकू नका. सॅम्पलच्या हक्कांमुळं काही गाणी येतात-जातात. कलाकारांच्या अधिकृत चॅनेलवर बघा, पुन्हा छापलेल्या सीडी आणि तबकड्या निघतात त्यावर नजर ठेवा. मुंबई-पुण्याला गेलात तर जुन्या सीडीवाल्यांकडे इंग्रजीचा खोका उपसा, हे अल्बम कुणी मागत नाही म्हणून स्वस्तात मिळतात.

शेवटची पायरी: जो अल्बम आलाच नाही

हा शेवटी ठेवायचा. के.एम.डी. नावाच्या गटात दोन सख्खे भाऊ होते, झेव्ह लव्ह एक्स आणि सबरॉक. १९९३ मध्ये दुसरा अल्बम 'ब्लॅक बास्टर्ड्स' पुरा होत आला होता तेव्हा सबरॉक गाडीखाली सापडून गेला. मोठ्या भावानं अल्बम पूर्ण केला. कव्हरवर त्यानंच काढलेलं चित्र होतं: गोऱ्यांनी काळ्या माणसाची थट्टा करायला वापरलेलं जुनं व्यंगचित्र फासावर लटकवलेलं. त्या थट्टेलाच फाशी द्यायची, असा त्यामागचा अर्थ. कंपनी घाबरली. १९९४ मध्ये अल्बम थांबवला आणि गटाला करारातून मोकळं केलं. एकाच वर्षाच्या आसपास भाऊ गेला, अल्बम गेला, कंपनी गेली.

पुढची काही वर्षं झेव्ह लव्ह एक्स, म्हणजे हा मोठा भाऊ, कुणाला दिसला नाही. मग न्यूयॉर्कच्या छोट्या मंचांवर एक माणूस तोंड झाकून रॅप करायला लागला. १९९९ मध्ये एमएफ डूम या नावानं 'ऑपरेशन: डूम्सडे' आला, आणि लोखंडी मुखवटा पुढं आयुष्यभर उतरला नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये तो वारला. जगाला ही बातमी त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी कळली. 'ब्लॅक बास्टर्ड्स' मधल्या काळात कॅसेटवरून कॅसेटवर फिरत राहिला आणि एकविसाव्या शतकाच्या तोंडावर रीतसर बाहेर आला.

दोन्ही अल्बम एका रात्री, पाठोपाठ ऐका. पहिल्यात आवाज तरुण आहे, भाऊ शेजारी आहे, दोघं एकमेकांच्या ओळी पूर्ण करतात. दुसऱ्यात तोच आवाज जाड झालाय, घोगरा झालाय, आणि एकटा आहे. मध्ये पाणी प्यायला उठायचं असेल तर पहिला संपल्यावर उठा.

भाचा आणि त्याचे तीन दोस्त आता गुरुवारी दुकान बंद झाल्यावर येतात. अर्धं शटर ओढायचं, काउंटरवरचे उघडे फोन बाजूला सारायचे, एक अल्बम. गेल्या गुरुवारी '९३ टिल इन्फिनिटी' झाला, या वेळी 'ब्लोआउट कोम' आहे. 'फॉर कॉर्नर्स' सुरू होऊन मिनिटभर झालं की माझा हात अजून आपोआप कॅसेट काढायला जातो. पोरं हसतात, गाणं पुढं चालू राहतं.